जिन्यातला प्रेक्षक

बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसात क्रिकेट बघण्याचा पगार मिळायचा. नागपूरला आईला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, पोरगी काहीतरी लपवतेय. पण खरोखर तसंच होतं. आणि त्या ऑफिसातले सगळ्यात अनुभवी गृहस्थ, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, ते मात्र क्रिकेट बघत नसत.

तिथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, अगदी डायरेक्टरलासुद्धा. मला ते जमेना. चाळिशी ओलांडलेल्या पुण्याच्या माणसाला नुसत्या नावानं कशी हाक मारायची? मी ‘सर’ म्हणायला लागले. मग बाकीची मराठी मुलं म्हणायला लागली, आणि शेवटी गोऱ्यांनीही ‘सर’ उचललं, गमतीनं. सर मात्र घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अगं, इथे सर ही पदवी असते. राणी देते. उद्या कुणी कागद मागितला तर?”

असे होते ते. वाईट गोष्ट आधी दारात उभी करायची, तिला नीट न्याहाळायची, आणि मग बाकीच्या दिवसाला सुरुवात करायची, ही त्यांची पद्धत. बस वेळेवर आली तर ही आधीचीच बस उशिरा आलेली असणार म्हणून चुकचुकायचे. मॅनेजरनं हसून गुड मॉर्निंग म्हटलं तर म्हणायचे, “आज हसला. काहीतरी आहे.”

आमचं काम मजेशीर होतं. मैदानाच्या कडेनं जाहिरातींच्या पाट्या असतात, खेळाडूंच्या शर्टांवर नावं असतात. त्यासाठी कंपन्या मुबलक पैसा ओततात. मग आपलं नाव टीव्हीवर किती वेळ दिसलं, स्वच्छ दिसलं की कुणा फील्डरच्या पायाआड गेलं, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. कॉम्प्युटरही ते मोजायचा, पण जरा सावली पडली की गोंधळायचा, म्हणून माणसं लागत. माझ्याकडे शर्ट आणि बॅटी होत्या, सरांकडे पाट्या. चेंडू कुठे गेला हे बघायचं नाही, हा पहिला नियम. बोलर उड्या मारत आला तरी त्याच्या छातीकडे बघायचं. हा भाग मी आईला सांगितला नाही.

सरांच्या ड्रॉवरमध्ये एक लाटणं असे. इंग्रज माणूस काही चांगलं बोलला की ‘टच वुड’ म्हणून टेबलाला हात लावतो. सरांना ही पद्धत फार पटली होती. इंग्लंडनं आपल्याला दिलेली एकमेव कामाची गोष्ट, असं म्हणायचे. पण ऑफिसातली टेबलं लॅमिनेटची. त्याला हात लावून काय उपयोग? म्हणून घरून लाटणं आणलेलं. कुणी म्हणालं, “सर, रिपोर्ट छान झाला,” की ड्रॉवर उघडल्याचा आवाज यायचा. एकदा फायर ड्रिल झाली. सगळी बिल्डिंग कार पार्कमध्ये उभी, कुणाच्या हातात कोट, कुणाच्या हातात कॉफी, आणि सरांच्या हातात लाटणं. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, “हे काय?” सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “लाकूड.” तो माणूस नंतर कित्येक दिवस त्यांच्याकडे बघून अदबीनं दार उघडायचा.

आता क्रिकेट. सरांची अशी पक्की समजूत होती की त्यांनी बघितलं की भारत हरतो. ही काही मोठेपणी जडलेली खोड नव्हती. लहानपणी त्यांच्या इमारतीत एकाच घरात टीव्ही होता. हा पोरगा दारात आला की विकेट पडायची. एकदा पडली, दोनदा पडली, मग शेजाऱ्यांनी ठरवूनच टाकलं. मॅच असली की त्याला जिन्यात बसवायचे. आतून ओरडा आला की चौकार, ‘अरेरे’ आलं की विकेट. साऱ्या देशानं नाचून साजऱ्या केलेल्या त्र्याऐंशीच्या वर्ल्ड कप विजयाच्या दिवशीही हे जिन्यातच होते.

“वाईट नाही वाटलं तुम्हाला?” मी विचारलं.

“वाईट? अगं, मी बसलो म्हणून जिंकलो!” सर म्हणाले. त्यांचा चेहरा चक्क अभिमानानं फुलला होता. मला शेजाऱ्यांचा इतका राग आला की मी तो सरांवरच काढला.

“आणि तुम्ही न बघता हरलो त्या मॅचेसचं काय?”

“त्या मी बघितल्या असत्या तर आणखी वाईट हरलो असतो.”

मी स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी. हा माणूस जगात कुठल्याच आकड्यापुढे हार मानणार नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि मी वाद सोडून दिला. पूर्ण नाही सोडला. रोज थोडा थोडा घालत राहिले.

एरवी आमच्यापुढे रेकॉर्डिंग असायचं. निकाल लागून गेलेला, त्यामुळे सर निर्धास्त असत. पण त्या उन्हाळ्यात वीस षटकांची जागतिक स्पर्धा इंग्लंडात होती, आणि आमच्या क्लायंटला, म्हणजे स्पर्धेच्या एका प्रायोजक कंपनीला, आकडे त्याच संध्याकाळी हवे होते. म्हणजे काम लाइव्ह. सरांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. मग एका सकाळी ते कॉर्नफ्लेक्सचा मोठा खोका घेऊन आले, तो कापला, आणि मॉनिटरवर पुठ्ठा चिकटवला. पुठ्ठ्याला खालच्या बाजूला एक आडवी फट. फटीतून पाट्या दिसायच्या, क्रिकेट दिसायचं नाही.

“मी मॅच बघत नाही,” त्यांनी जाहीर केलं. “मी पाट्या बघतो.”

कानात कापूस. बॅट्समन कोण, बोलर कोण, पत्ता नाही. फटीतून कधी कुणाचे बूट जायचे, कधी चेंडू येऊन पाटीवर आपटायचा. तेवढ्यावरून चौकार गेला हे कळायचं आणि सर डोळे मिटायचे. पहिली मॅच भारत जिंकला. दुसरीही. तेव्हापासून आमची मराठी मुलं, एरवी जावा आणि डेटाबेसच्या गप्पा मारणारी, त्या पुठ्ठ्यावर पहारा देऊ लागली. क्लीनर बाई तो कचरा समजून काढायला आल्या तर एकजण अक्षरशः आडवा पडला.

हसत होतो आम्ही, पण मनातून घाबरलोही होतो. बँका बुडाल्यानंतरचा तो उन्हाळा. आजूबाजूच्या बिझनेस पार्कमध्ये मजलेच्या मजले रिकामे होत होते. आमचं काँट्रॅक्ट स्पर्धेबरोबर संपत होतं. क्लायंटचा माणूस उंच, गोड बोलणारा, ‘ब्रिलियंट’ हा शब्द प्रत्येक वाक्यात वापरणारा. त्यानं स्वच्छ सांगून ठेवलं होतं: भारत सेमीफायनलला गेला तर टीव्हीपुढे प्रेक्षक राहतील, आणि मग आपण पुढच्या वर्षीचं बोलू. भारत बाहेर पडला तर कोण बघणार आणि काय मोजणार?

मी एकटी होते. नोकरी गेली असती तर बॅग भरून नागपूरला गेले असते. सरांचं तसं नव्हतं. त्यांचं वर्क परमिट त्याच वर्षी संपत होतं, काँट्रॅक्ट वाढलं तरच कंपनी ते वाढवणार होती. आणि लेक दहावीच्या वर्गात, इथल्या यिअर टेनमध्ये. जीसीएसई या इथल्या शालान्त परीक्षेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यातलं एक वर्ष झालेलं. आता परत गेलं तर ना इथली परीक्षा, ना तिथली. पुण्याची शाळा तिला खालच्या वर्गात बसवणार होती, तेही तिचं मराठी बघून घेतलं तर. पोर चार वर्षांची असताना इथे आली होती.

“तिला यातलं काही माहीत नाही हं,” सर मला दर शनिवारी बजावायचे. शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे. वहिनी आणि ते स्वयंपाकघरात कुजबुजत बोलायचे. इंग्लंडातल्या घरांच्या भिंती कशा असतात हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. एका शनिवारी ताटं उचलताना मुलीनं मला हळूच विचारलं, “ताई, इंडिया हरला तर आम्हाला पुण्याला जावा लागणार?”

“छे गं,” मी म्हणाले. “कोण म्हणालं?”

“बाबा म्हणाला. सिंकपाशी.”

त्याच आठवड्यात शाळेत स्वयंपाकाच्या तासाला गाजर चिरताना तिनं अंगठा कापून घेतला. शिक्षिकेनं निळी पट्टी लावली. सरांचा दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तोच विषय. “निळी का लावली असेल? काही वेगळं औषध असतं का?” मी सांगितलं, स्वयंपाकात पट्टी सुटून पडली तर दिसावी म्हणून इथे निळी वापरतात, निळं अन्न नसतं ना. त्यांना ते इतकं आवडलं की संध्याकाळी दुकानातून निळ्या पट्ट्यांचा डबाच घेतला. रोज सकाळी लेकीला नवी पट्टी स्वतःच्या हातानं लावायची, मग बस पकडायची.

सेमीफायनल गाठायला जी मॅच जिंकणं भाग होतं, ती लंडनला होती. क्लायंटनं सरांना कौतुकानं दोन तिकिटं दिली. सरांनी ती विंचू धरावा तशी दोन बोटांत धरली. स्वतः जाणं शक्यच नव्हतं. मॉनिटरवरून बघून विकेट पडते, तर मैदानात जाऊन काय होईल? वहिनी आणि मुलगी गेल्या.

रविवार होता. ऑफिसात आम्ही मोजकेच. मुलांनी समोसे आणले होते, पण कुणी खात नव्हतं. सर पुठ्ठ्यापुढे बसलेले, कानात कापूस, मांडीवर लाटणं. मला माझ्या मॉनिटरवर सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते बरं नव्हतं. आपण पाठलाग करत होतो आणि धावा निघत नव्हत्या. मी शर्ट मोजायचे सोडून चेंडू बघायला लागले. दोन ओव्हर राहिल्या. प्रेक्षकांतली माणसं डोक्यावर हात घेऊन उभी. अशा वेळी कॅमेरा काय करतो? तो एखादा चेहरा शोधतो.

त्यानं शोधला. गालांवर तिरंगा रंगवलेली एक मुलगी, हातात तो चौकाराचा पुठ्ठा, गेटवर फुकट वाटतात तो, खाली ठळक अक्षरांत आमच्या क्लायंटचं नाव. पुठ्ठा हनुवटीखाली घट्ट धरलेला आणि ती रडतेय. हुंदके देऊन. रंग ओघळून गळ्यापर्यंत आलेला. कॅमेरा हलायला तयार नाही. कॉमेंटेटर म्हणत होता, बघा, या लोकांसाठी हा खेळ म्हणजे काय आहे.

ती सरांची लेक होती. आणि ती खेळासाठी रडत नव्हती, हे सबंध जगात कदाचित मलाच ठाऊक होतं.

मी शेजारी बघितलं. सर शांतपणे काम करत होते. त्यांच्या फटीत फक्त तेवढाच भाग दिसत होता, क्लायंटचं नाव आणि ते धरणारी बोटं. ते पुटपुटत होते, “पाटी... पूर्ण... स्वच्छ... हलतेय... हलतेय...” आणि थांबले.

“अंगठा,” ते म्हणाले. “निळी पट्टी.”

मुलांना काही कळलं नाही. त्यांनी कानातला कापूस काढला आणि माझ्याकडे वळले. “ती रडतेय का गं?”

“हो, सर.”

त्यांनी पुठ्ठ्याच्या कडेला हात घातला. मुलं एकदम ओरडली. “सर, नको! सर, दोनच ओव्हर!” एकानं तर त्यांचा हात धरला. त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात आलं, नका काढू. इतकी वर्षं जे मानलं ते त्यांच्या लेखी खरंच होतं. नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळं त्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर तोललेलं होतं, आणि त्यांना ते आमच्याहून चांगलं ठाऊक होतं.

सरांनी हात सोडवून घेतला आणि पुठ्ठा ओढून काढला.

ती अजून पडद्यावर होती. ते बघत राहिले. पुढच्याच चेंडूवर विकेट पडली, तीही त्यांनी बघितली, डोळे न मिटता. मग शेवटपर्यंत सगळं बघितलं. आपण थोड्याशा धावांनी हरलो.

सर उठले आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी गेले. “मी बघितलं. माफ करा.” एका कोपऱ्यात इंग्रज अकाउंटंट ओव्हरटाइम करत बसला होता, त्याचं या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यालाही ‘सॉरी’ म्हणून आले. तो म्हणाला, “नो वरीज.” शेवटी माझ्यापाशी आले तेव्हा माझा संताप झाला.

“सर, चेंडू बॅटला लागला नाही! त्यात तुमच्या डोळ्यांचा काय संबंध?”

“नसेलही,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “असेलही. पण ती रडत होती. मग काय पुठ्ठ्याआड बसून राहू?” आणि मग, अगदी बारीक आवाजात, “तिला माहीत होतं गं सगळं.”

पुढे दोन दिवसांनी क्लायंटचा माणूस आला आणि त्यानं मोठ्या स्क्रीनवर सरांच्या लेकीचा तोच रडका चेहरा लावला. आम्हाला वाटलं होतं, हरलो, संपलं. हा तर खुशीत होता. आमचेच आकडे त्यानं आम्हाला दाखवले. स्पर्धेत त्यांचं नाव सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात स्वच्छ दिसलं ते त्या हरलेल्या मॅचमध्ये. जिंकलेली माणसं उड्या मारतात, पुठ्ठे वेडेवाकडे नाचवतात, एक अक्षर वाचता येत नाही. रडणारा माणूस जागचा हलत नाही. हे मी त्या दिवशी शिकले.

“हा चेहरा,” तो म्हणाला, “हीच आपली स्पर्धा! पुढच्या वर्षीच्या ब्रोशरवर हाच. ब्रिलियंट! ही मुलगी कोण आहे शोधायला हवं. तिच्यासाठी क्रिकेट म्हणजे सर्वस्व आहे.”

आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. काँट्रॅक्ट या माणसाच्या हातात होतं. मॅनेजर हसला तरी धसका घेणारे सर, एकाही मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडलेले सर, उभे राहिले.

“ती माझी मुलगी आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “ती क्रिकेटसाठी रडत नव्हती.”

“मग कशासाठी?”

“जीसीएसई,” सर म्हणाले.

तो मोठ्यानं हसला. मग बाकी कुणी हसत नाहीये हे बघून थांबला. सरांनी त्याला चार वाक्यांत सांगितलं, परमिट, काँट्रॅक्ट, शाळा. मागितलं काही नाही. एवढंच म्हणाले, “हे चित्र वापरू नका. प्लीज.” आणि बसले. त्यांचा हात ड्रॉवरकडे गेला, पण त्यांनी तो उघडला नाही.

ब्रोशर आलं तेव्हा त्यावर एक हसणारा, दाढीवाला माणूस होता. काँट्रॅक्टही आलं, निम्मं. आम्हा दोघांपैकी एकाच माणसापुरतं. दया आली म्हणून, की आकडे चांगले होते म्हणून, मला आजही माहीत नाही. त्या एका जागेवर सरच राहिले, काम त्यांनाच सगळ्यात चांगलं यायचं. मला नॉटिंगहॅमला हॉस्पिटलच्या आकडेवारीचं काम मिळालं. निघताना मी त्यांना म्हणाले, “बघा, तुम्ही बघितलंत, आपण हरलो, आणि म्हणूनच तुम्ही राहिलात. आता सोडा हे खूळ.” ते घाईघाईनं म्हणाले, “बोलू नकोस, बोलू नकोस,” आणि लाटणं शोधू लागले.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, जीसीएसईच्या निकालाच्या दिवशी, मी कामावरून सुट्टी घेऊन घरी बसले होते. फोन वाजला. सरांची लेक.

“ताई, रिझल्टचा पाकीट आणलाय शाळेतून. बाबा आत येत नाही. जिन्यात बसलाय.”

“दे त्यांना.”

“फोन पण घेत नाही. म्हणतो, मी इथे बसतो, तुम्ही आत बघा. आईनं हाक मारली, मी मारली. आता काय करू?”

मला एकदम ती पुण्यातली इमारत आठवली, बंद दार, आतला आरडाओरडा आणि बाहेर पायरीवर बसलेला पोरगा. तिला बहुतेक माझी गरजही नव्हती. फोन हातात तसाच धरून ती निघाली, कार्पेट घातलेल्या पायऱ्यांवर तिची पावलं धप धप वाजली, आणि मग ती त्यांच्या शेजारी बसली असावी.

“बाबा, तू उघड.”

“मी? नको, चिमणे. तू बघ. मी बघितलं तर...”

“त्या दिवशी तू बघितला ना? मग काय झाला? आपण इथेच आहोत ना?”

मग सरांचा आवाज आला, “बघतोय हं मी,” आणि कागद फाटल्याचा आवाज.

माझा हात आपोआप टेबलावर गेला. टेबल लॅमिनेटचं होतं. मी, स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी, फोन कानाला लावून स्वयंपाकघरात धावले, भांड्यांची उलथापालथ करून लाटणं शोधलं आणि दोन्ही हातांत आवळून धरलं. तेवढ्यात पलीकडे जिन्यात दोघं एकदम हसायला लागली, बोलताच येईना त्यांना. खालून वहिनी ओरडत होत्या, “अहो, मलाही सांगा कुणीतरी!” आणि इकडे नॉटिंगहॅममध्ये मीही तेच ओरडत होते.